सरकारला दोन भाषा, नागरिकाला एक पुरे: न्यू ब्रन्सविक सोप्या भाषेत

कॅनडात शिकायला किंवा स्थायिक व्हायला निघालेल्या मराठी मुलांच्या यादीत टोरंटो-व्हँकुव्हरच्या खाली हल्ली न्यू ब्रन्सविक हे नावही दिसतं. नावापुढे एक ठरलेलं वाक्य असतं, 'कॅनडातला एकमेव अधिकृत द्वैभाषिक प्रांत'. ते वाचून पहिली शंका येते ती अशी की मग फ्रेंच शिकावीच लागणार का? नाही. तिथल्या बहुसंख्य लोकांनाही दोन भाषा येत नाहीत. २०२१च्या जनगणनेत इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येतात असं सांगणारे सुमारे एक तृतीयांश निघाले. बाकीचे दोन तृतीयांश एकाच अधिकृत भाषेवर जगतात, आणि कायद्याच्या नजरेत त्यात काहीच कमी नाही.

'द्वैभाषिक' म्हटलं की आपल्याकडे १९५६ ते १९६० या काळातलं द्वैभाषिक मुंबई राज्य आठवतं. तिथे मराठी आणि गुजराती प्रदेश एका राज्यात बांधले होते. गाठ सुटली आणि दोन राज्यं झाली. न्यू ब्रन्सविकचं द्वैभाषिकत्व वेगळ्या जातीचं आहे. इथे दोन भाषांचे लोक एकाच शहरात, कधी एकाच गल्लीत राहतात, त्यामुळे प्रांत कापून प्रश्न सुटणारा नव्हता. म्हणून त्यांनी दोन भाषांचा भार नागरिकाच्या डोक्यावरून काढला आणि सरकारच्या डोक्यावर ठेवला. दोन्ही भाषा यायला हव्यात त्या सरकारला. नागरिकाला आयुष्यभर एकच भाषा बोलून सगळी कामं करता आली पाहिजेत. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचे बहुतेक वाद समजायला सोपे जातात.

आणखी एक गोंधळ इथेच दूर करू. शेजारचा क्वेबेक द्वैभाषिक नाही. त्याची अधिकृत भाषा फक्त फ्रेंच. कॅनडाचं केंद्र सरकार दोन भाषांत चालतं, पण प्रांतांपैकी घटनेतच दोन्ही भाषासमाजांना समान दर्जा देणारा प्रांत न्यू ब्रन्सविक हा एकच.

## आधी नकाशा

प्रांत मोठा नाही, कॅनडाच्या मापाने तर नाहीच. सुमारे ७३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याएवढा. लोकसंख्या २०२१ला ७,७५,६१० होती, २०२२मध्ये ती आठ लाखांच्या पुढे गेली. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी माणसं, आणि ८० टक्क्यांहून जास्त जमिनीवर जंगल. मातृभाषा फ्रेंच असलेले साधारण ३० टक्के. उरलेल्यांत इंग्रजीवाले फार मोठ्या बहुमतात.

नकाशावर वायव्येकडच्या ग्रँड फॉल्सपासून आग्नेयेकडच्या मंक्टनपर्यंत एक तिरकी रेघ ओढा. रेघेच्या वर आणि उजवीकडे मुख्यतः फ्रेंच: एडमन्स्टन, काराकेत, शिपागन, लामेक, शेडिअ‍ॅक. खाली आणि डावीकडे मुख्यतः इंग्रजी: राजधानी फ्रेडरिक्टन, बंदराचं शहर सेंट जॉन, नदीकाठची शेतीची गावं. मंक्टन आणि त्याला चिकटलेलं दिएप या रेघेवरच बसले आहेत, म्हणून भाषेची बहुतेक भांडणं आणि बहुतेक तडजोडीही तिथेच होतात.

समुद्रही दोन आहेत. पूर्वेला सेंट लॉरेन्सच्या आखाताचं उथळ, उन्हाळ्यात बऱ्यापैकी कोमट होणारं पाणी; तिथे लॉब्स्टर, खेकडे, कालवं, आणि किनाऱ्यावरची गावं फ्रेंच. दक्षिणेला फंडीचा उपसागर. तिथली भरती जगात सर्वांत उंच. होपवेल भागात भरती-ओहोटीतला फरक १२ मीटरच्याही वर जातो. ओहोटीला ज्या खडकांच्या पायथ्याशी माणसं फिरतात, तिथेच काही तासांनी होड्या चालतात. कारण उपसागराच्या आकारात आहे. पाणी आत जाऊन परत यायला लागणारा वेळ आणि समुद्राच्या भरतीची साडेबारा तासांची फेरी जवळजवळ जुळते. झोक्याला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी ढकललं की तो उंच जातो, तसं. या भरतीनेच इथल्या फ्रेंच समाजाला घडवलं आहे.

## खाजणातले शेतकरी

फ्रेंच वसाहत इथे १६०४पासून सुरू झाली. हे लोक अकेडियन म्हणवतात. ते क्वेबेकच्या फ्रेंचांहून वेगळे, वेगळ्या इतिहासाचे. फंडीच्या काठी त्यांनी जंगल तोडण्याऐवजी समुद्राकडून जमीन घेतली. रायगडच्या खारपट्ट्यातल्या किंवा गोव्यातल्या खाजणाच्या शेतकऱ्याला हे तंत्र बघताक्षणी ओळखू येईल.

खाऱ्या दलदलीतल्या गवताची मुळांसकट चौकोनी ढेकळं खास कुदळीने कापायची आणि ती रचून बांध घालायचा. मुळं एकमेकांत गुंततात, म्हणून बांध टिकतो. पण बांध घातला की आतलं पावसाचं, ओढ्याचं पाणी बाहेर कसं जाणार? त्यासाठी बांधाच्या तळात पोखरलेल्या ओंडक्याची किंवा फळ्यांची नळी बसवायची, आणि नळीत वरून टांगलेली लाकडी झडप ठेवायची. ओहोटीला आतल्या गोड्या पाण्याच्या दाबाने झडप समुद्राच्या बाजूला उघडते आणि पाणी वाहून जातं. भरती आली की समुद्राचंच पाणी ती दाबून बंद करतं. माणसाने उघडायची नाही, बंद करायची नाही. अकेडियन याला 'आबुआतो' म्हणतात. गोव्यात 'मानस' हेच काम करते, रायगडात 'उघाडी'. फरक इतकाच की आपल्याकडे एका पावसाळ्यात बरंचसं मीठ धुऊन जातं. तिथे पाऊस आणि बर्फ मिळून जमीन पिकायला दोन-तीन वर्षं लागत. झडपेत लाकडाचा ओंडका किंवा बर्फाचा तुकडा अडकला, तर एका भरतीत खारं पाणी आत शिरायचं आणि ती दोन-तीन वर्षांची वाट पुन्हा पहिल्यापासून. बांधाला खांड पडली तर सगळं गाव फावडी घेऊन धावणार, हा नियम दोन्हीकडे सारखाच, कारण एकट्याच्या शेतापुरता बांध घालताच येत नाही. गाव म्हणून एकत्र राहण्याची सवय अकेडियनांना या बांधांनी लावली, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

१७१३च्या तहानंतर मुख्य अकेडियन प्रदेश इंग्रजांकडे गेला. फ्रान्स-इंग्लंडच्या युद्धात या लोकांनी बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला, आणि १७५५मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना जहाजांत भरून हाकलायला सुरुवात केली. घरं जाळली, गुरं जप्त केली, कुटुंबं वेगवेगळ्या जहाजांत पडली. १७६३पर्यंत सुमारे १४ हजारांपैकी १० हजारांहून अधिक माणसं देशोधडीला लागली. कितीतरी वाटेतच रोगाने आणि बुडून मेली. काही फिरत फिरत लुइझियानाला पोचली. तिथला 'केजन' हा शब्द 'अकेडियन'चाच अपभ्रंश. काही जण मिरामिशीच्या जंगलात लपले आणि तिथे उपासमारीने गेले.

१७६४नंतर परत यायची परवानगी मिळाली, पण लहान लहान विखुरलेल्या गटांत. तोवर बांध घातलेली सुपीक खाजणं इतरांच्या ताब्यात गेली होती. मग शेतकऱ्याचे कोळी झाले: जिथे शेती पिकत नाही अशा ईशान्य किनाऱ्यावर ते जाऊन राहिले. काराकेत, शिपागन, लामेक ही गावं फ्रेंच का, याचं उत्तर हे असं आहे.

१७८३मध्ये अमेरिकेतलं स्वातंत्र्ययुद्ध संपलं आणि इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेले हजारो लोक सेंट जॉन नदीच्या खोऱ्यात आले. त्यांच्यासाठी १७८४मध्ये नोव्हा स्कोशियातून तोडून न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत केला. ते आले तशी तिथली काही अकेडियन कुटुंबं पुन्हा उठली आणि नदीने वर माडावास्का भागात गेली. एडमन्स्टनच्या आसपासचा फ्रेंच पट्टा असा तयार झाला. पुढे स्कॉटिश आले, आणि १८४७च्या दुष्काळाच्या वर्षी सेंट जॉनच्या बंदरात आयरिश लोकांची जहाजं लागली. ती तिरकी रेघ कुणी बसून आखलेली नाही. कोण कुठून हाकललं गेलं, त्याचा तो माग आहे.

## कायद्याच्या आधी पैसा

आपल्याकडे द्वैभाषिक राज्य मोडलं त्याच वर्षी, १९६०मध्ये, लुई रोबिशो न्यू ब्रन्सविकचे निवडून आलेले पहिले अकेडियन मुख्यमंत्री झाले. भाषेचा कायदा त्यांनी लगेच आणला नाही. आधी पैशाची घडी बसवली, आणि ते फार महत्त्वाचं होतं.

तेव्हा शाळा आणि दवाखाने जिल्हा परिषदेसारख्या काउंटी मंडळांच्या हाती होते, आणि खर्च स्थानिक करांतून भागायचा. गरीब कोळ्यांच्या फ्रेंच काउंटीत कर कमी, म्हणून शाळा फुटकी आणि शिक्षकाचा पगार तुटपुंजा. अशा गावाला 'तुमची भाषा अधिकृत' असा कागद दिला असता तर हातात काय पडलं असतं? रोबिशो सरकारने १९६७मध्ये काउंटी मंडळं बरखास्त केली. शिक्षण, आरोग्य, न्याय आणि समाजकल्याण प्रांताने स्वतःकडे घेतलं. श्रीमंत भागातल्यांनी त्यावर मोठा गहजब केला. 'यांचं लुटून त्यांना देताय' हा आरोप आपल्यालाही ओळखीचा आहे. १९६३मध्ये मंक्टनला फ्रेंच विद्यापीठ उभं राहिलं होतं. मग १९६९ला अधिकृत भाषा कायदा झाला. तोही हळूहळू लागू करत पूर्ण अमलात यायला १९७७ उजाडलं.

मंक्टनची गोष्ट इथे सांगायला हवी. १९६८मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी नगरपालिकेकडे फ्रेंचमध्ये सेवा मागितली तेव्हा महापौर लेनर्ड जोन्स यांनी त्यांना भर सभेत उडवून लावलं. शहराचं नावसुद्धा रॉबर्ट मंक्टन या इंग्रज सेनापतीचं, ज्याने १७५५मध्ये फ्रेंचांचा बोसेजूर किल्ला घेतला आणि पुढे अकेडियनांना हुसकावण्यात भाग घेतला. त्याच मंक्टनने २००२मध्ये स्वतःला अधिकृतपणे द्वैभाषिक जाहीर केलं, आणि असं करणारं ते कॅनडातलं पहिलं शहर ठरलं.

## खिडकीपाशी काय होतं

प्रांताच्या कोणत्याही सरकारी कार्यालयात जा, समोरचा माणूस 'हॅलो, बोंजूर' म्हणतो. हा नुसता शिष्टाचार नाही. दोन्हींपैकी कोणतीही भाषा चालेल हे नागरिकाने विचारण्याआधीच, आपणहून कळवणं हे कार्यालयाचं कायदेशीर काम आहे. आपण ज्या भाषेत उत्तर देऊ त्या भाषेत पुढचं सगळं व्हायला हवं. केंद्र सरकारच्या कार्यालयांना 'पुरेशी मागणी' असेल तिथे दुसरी भाषा द्यावी लागते; न्यू ब्रन्सविकच्या प्रांतिक कार्यालयांना ती पळवाट नाही. गावात फ्रेंच बोलणारा एकच माणूस असला तरी हक्क पूर्ण. इंग्रजीवाल्याचा काराकेतमधला हक्कही तेवढाच पूर्ण.

यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला दोन्ही भाषा यायला हव्यात का? नाही. पाळीवरच्या गटाला दोन्ही यायला हव्यात. अडतं ते नेमकं इथे. गटात दोन्ही भाषांचा एकच माणूस असेल आणि तो जेवायला गेला असेल, तर 'जरा थांबा' ऐकून वीस मिनिटं उभं राहायचं की इंग्रजीत बोलून मोकळं व्हायचं? बहुतेक फ्रेंचवाले इंग्रजीत बोलून मोकळे होतात. मग नोंद अशी होते की इथे फ्रेंचला मागणीच नाही, आणि पुढच्या नोकरभरतीत ती जागा निसटते. म्हणून 'हॅलो, बोंजूर'मधला दुसरा शब्द महत्त्वाचा. तो ऐकला नाही तर माणूस मागायलाच संकोचतो.

रुग्णवाहिकेचं उदाहरण सर्वांत अवघड. गाडीत दोन जण असतात, आणि दोघांत मिळून दोन्ही भाषा असायला हव्यात. फ्रेंच येणारे प्रशिक्षित लोक ग्रामीण भागात कमी, त्यामुळे जागा रिकाम्या राहिल्या आणि 'भाषेपायी गाडी उभी' असा संताप झाला. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं: गाडी वेळेवर यायला हवी, आणि छातीत दुखणाऱ्या म्हातारीला कुठे दुखतंय ते सांगताही आलं पाहिजे. उपाय प्रशिक्षणातच होता. तो वर्षानुवर्षं पुढे ढकलला गेला की असा पेच उभा राहतो.

पोलिसांनाही हाच नियम. २०००मध्ये वुडस्टॉकजवळ वेगात गाडी चालवल्याबद्दल एका अकेडियन महिलेला अडवलं गेलं. अडवणाऱ्याला फ्रेंच येत नव्हती. तिथे प्रांताचं पोलिसकाम करारावर करणारं दल केंद्राचं, म्हणून 'केंद्राचे सैल नियम आम्हाला' असा त्यांचा बचाव. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: प्रांताचं काम करताना प्रांताचंच भाषाकर्तव्य पाळावं लागेल. न्यायालयात नियम याहून कडक आहे. निवडलेली भाषा न्यायाधीशाला दुभाष्याशिवाय समजली पाहिजे. कायदे दोन्ही भाषांत निघतात आणि दोन्ही मसुदे मूळच मानले जातात. एक मूळ आणि दुसरं भाषांतर, असं नसतं.

नगरपालिकांचा हिशेब थोडा वेगळा. कायद्यात 'शहर' दर्जा असलेल्या सगळ्यांना दोन्ही भाषा बंधनकारक. लहान नगरपालिकांत दुसऱ्या अधिकृत भाषेचे लोक २० टक्के असले की लागू. हे २००२च्या नव्या कायद्यात आलं, कारण २००१मध्ये अपील न्यायालयाने मंक्टनचे फक्त इंग्रजीतले नगरनियम घटनेत बसत नाहीत असा निकाल दिला होता. खासगी दुकानांना मात्र हा कायदा लागू नाही. दिएपने २०१०मध्ये बाहेरच्या पाट्या दोन्ही भाषांत हव्यात असा स्वतःचा नगरनियम केला, पण तो त्या शहरापुरता.

हक्क मोडला तर अधिकृत भाषा आयुक्तांकडे तक्रार करता येते. तारीख, वेळ, कार्यालय, आपण कोणत्या भाषेत सुरुवात केली आणि उत्तर काय मिळालं, एवढं त्याच दिवशी टिपून ठेवलेलं बरं. आठवड्याने लिहिलेली तक्रार ढोबळ होते आणि चौकशीत टिकत नाही. आयुक्त चौकशी करून शिफारस करतात. दंड करायचा अधिकार त्यांना नाही, पण समाधान झालं नाही तर नागरिक न्यायालयात जाऊ शकतो.

गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्याशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. तिथे देवनागरी कोकणी ही राजभाषा, आणि मराठी शासकीय कामांसाठी 'वापरता येईल' अशी तरतूद. 'वापरता येईल' हे वाक्य सरकारला परवानगी देतं. न्यू ब्रन्सविकचं वाक्य नागरिकाला हक्क देतं आणि दाद मागायचं दारही दाखवतं. कोणताही भाषा कायदा वाचताना क्रियापद आधी पाहावं.

## शाळा वेगळ्या का? मुलांना एकत्र का शिकवत नाहीत?

पाहुण्याला सगळ्यांत खटकते ती ही गोष्ट. प्रांतात इंग्रजी शाळांचे चार विभाग आणि फ्रेंच शाळांचे तीन, शिक्षण खात्यातही दोन स्वतंत्र बाजू. १९९३मध्ये घटनेत कलम घालून दोन्ही समाजांना स्वतःच्या वेगळ्या शिक्षणसंस्थांचा हक्क पक्का केला. याला तिथे 'दुहेरी व्यवस्था' म्हणतात.

एकाच शाळेत दोन्ही भाषा शिकवल्या तर मुलं छान दोन्ही बोलतील, असं सहज वाटतं. तसं होत नाही. वर्गात शिक्षक कोणतीही भाषा बोलोत, मधल्या सुट्टीत मैदानाची भाषा कोणती, यावर निकाल लागतो. दहा मुलांत नऊ फ्रेंच आणि एक इंग्रजी असलं, तरी त्या एकाला फ्रेंच येत नाही म्हणून दहाही जण इंग्रजीत खेळतात. पुण्या-मुंबईच्या सोसायटीच्या आवारात मराठी मुलं आपसात हिंदी किंवा इंग्रजी का बोलतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला आणखी पुरावा नको.

आबुआतोची झडप आठवा. फ्रेंच शाळेतून मूल बाहेरच्या इंग्रजी जगात रोज जातं; टीव्ही, फोन, दुकान, मित्र सगळं इंग्रजी. त्या दिशेला वाट उघडीच आहे. अडवायचं आहे ते भरतीचं पाणी आत येणं. फ्रेंच शाळेतली मुलं इंग्रजीत मागे पडत नाहीत. फ्रेंच मातृभाषा असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दोन्ही भाषा येतात, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांपैकी जेमतेम १५ टक्क्यांना. शाळेच्या बससुद्धा वेगळ्या का, यावर काही वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. शाळा वेगळ्या म्हणजे मार्गही बरेचसे वेगळे, त्यामुळे बचत वाटते तेवढी होत नाही. शिवाय रोजचा तासभराचा प्रवास म्हणजे फिरती मधली सुट्टीच.

एवढं करूनही गळती थांबलेली नाही. घरात मुख्यतः फ्रेंच बोलणारे हे मातृभाषा फ्रेंच असणाऱ्यांपेक्षा काही टक्के कमीच भरतात. मंक्टनच्या बाजूला 'शियाक' नावाची बोली आहे, फ्रेंच व्याकरणात इंग्रजी धातू. गाडी 'पार्क' करायला तिथे इंग्रजी 'पार्क'ला फ्रेंच प्रत्यय लावून 'पार्के' म्हणतात. आपण 'गाडी पार्क केली' म्हणतो तसंच. शाळेतल्या मास्तरांनी शियाकला वर्षानुवर्षं हिणवलं. आता तिच्यात गाणी आणि नाटकं होतात, आणि ती बोलणाऱ्यांना तिची लाज वाटत नाही. मला ते फार चांगलं वाटतं, कारण आपली बोली अशुद्ध आहे असं ऐकत वाढलेलं मूल पुढे आपल्या मुलांशी सरळ दुसऱ्याच भाषेत बोलतं.

## 'दोन-दोन सगळं म्हणजे दुप्पट खर्च'

भाषांतर, दोन प्रशासनं, दुभाषे यांना पैसे लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुप्पट नाही. एक हजार मुलं एका शाळेत बसोत की दोन शाळांत, शिक्षक जवळपास तेवढेच लागतात. रुग्णालयातल्या खाटाही रुग्णांच्या संख्येवर ठरतात. प्रांतात आरोग्याच्या दोन यंत्रणा आहेत, होरायझन इंग्रजीत चालते आणि व्हितालिते फ्रेंचमध्ये. मंक्टन शहरात दोघांचं एकेक मोठं रुग्णालय आहे. पण रुग्ण कुठल्याही भाषेचा असो, कुठेही जाऊ शकतो, आणि दोन्ही ठिकाणी दोन्ही भाषांत सेवा द्यावी लागते. वेगळी आहे ती कर्मचाऱ्यांची कामाची भाषा. फ्रेंचमधून वैद्यकी शिकलेल्या डॉक्टरला फ्रेंचमध्ये काम करता येतं, म्हणून तो प्रांतात टिकतो.

## 'त्यांना इंग्रजी येतेच, मग हट्ट कशाला?'

बँकेत इंग्रजी बोलणारी आजी रात्री दोन वाजता वेदनेत इंग्रजी विसरते. पाच वर्षांच्या मुलाला ती अजून आलेलीच नसते. आणि ज्याने दोन भाषा शिकायचे कष्ट घेतले त्यालाच 'मग तुझी भाषा सोड' म्हणणं हे त्या कष्टांची शिक्षा दिल्यासारखं आहे.

इंग्रजीवाल्यांच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. ग्रामीण इंग्रजी भागातल्या मुलाला चांगलं फ्रेंच शिकायची संधीच मिळाली नाही, तर दोन्ही भाषा मागणारी सरकारी नोकरी त्याला दूरची वाटणारच. इंग्रजी शाळांत 'इमर्शन' हा पर्याय आहे, म्हणजे बरेचसे विषयच फ्रेंचमधून शिकायचे. पण तो सगळीकडे नसतो आणि शिक्षकांची चणचण कायमची. सरकारने तो गुंडाळून सगळ्यांना अर्धा दिवस फ्रेंच देण्याची योजना मांडली तेव्हा इंग्रजी पालकच खवळून सभांना आले, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ती मागे घ्यावी लागली. फ्रेंचसाठी इंग्रजी आईबाप रस्त्यावर उतरले, हे १९६८च्या मंक्टनमध्ये कुणी कल्पिलंही नसतं.

## ज्यांच्या भाषा या हिशेबात नाहीत

मिकमाक, वुलास्तुकवे आणि पेस्कोतोमुकाती हे या जमिनीचे पहिले लोक. सेंट जॉन नदी त्यांची 'वुलास्तुक', म्हणजे सुंदर आणि भरभरून देणारी नदी. शेडिअ‍ॅक, काराकेत, पेतिकोदियाक ही गावा-नद्यांची नावं मिकमाक भाषेतून आली आहेत. त्यांच्या भाषांना अधिकृत दर्जा नाही, आणि वुलास्तुकवे तर आता मुख्यतः वडीलधाऱ्यांच्याच तोंडी उरली आहे.

अठराव्या शतकात इंग्रजांशी झालेले त्यांचे तह मैत्रीचे होते. त्यांत जमीन सोडून दिल्याचा शब्द नाही. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्शल खटल्यात मासेमारी करून माफक उपजीविका करण्याचा त्यांचा तहातला हक्क मान्य केला. त्यानंतर बर्न्ट चर्च इथे लॉब्स्टरच्या सापळ्यांवरून होड्यांची हातघाई झाली. समोर होते फ्रेंच आणि इंग्रजी कोळी, आणि सरकारी गस्तनौका. स्वतः हाकलले गेलेले अकेडियन इथे दुसऱ्या बाजूला उभे दिसतात. वुलास्तुकवे लोकांचा प्रांताच्या निम्म्याहून अधिक भूभागावरचा दावा न्यायालयात गेला आहे. 'दोन समाज' हा शब्द तिसऱ्याला झाकतो, आणि प्रांताची ओळख करून देणाऱ्या बहुतेक लेखांत हे शेवटच्या ओळीत उरकलं जातं.

## मराठी माणसाला काय लागू पडतं

पंजाबी, तगालोग, मराठी बोलणारे वाढले तर त्याही भाषा अधिकृत होतील का? नाही. हा दर्जा डोकी मोजून दिलेला नाही. तो दोन समाजांच्या इथल्या इतिहासावर आणि घटनेवर उभा आहे. पण आलेला प्रत्येक जण बहुधा इंग्रजीकडे जातो आणि फ्रेंचचा टक्का तेवढा घसरतो, म्हणून फ्रेंच जाणणाऱ्या स्थलांतरितांना मुद्दाम बोलावलं जातं. केंद्राच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कायम राहायला येणाऱ्या कुशल कामगारांना निवडण्याच्या पद्धतीत, २०२३पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात. त्यात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही अंगांत कॅनडाच्या मोजणीतली सातवी पातळी लागते, म्हणजे युरोपीय मोजणीत साधारण बी-२. नेहमीची चूक अशी की मुलं 'डेल्फ' या फ्रेंचच्या परीक्षेचं प्रमाणपत्र घेऊन बसतात. या कामासाठी ते चालत नाही, 'टीईएफ कॅनडा' किंवा 'टीसीएफ कॅनडा' हीच परीक्षा द्यावी लागते. शून्यापासून बी-२ गाठायला नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं सहज जातात, हे धरून चालावं. अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात सरकारी पानावर पुन्हा खात्री करावी.

नुसतं शिकायला किंवा इंग्रजीतल्या नोकरीवर जाणार असाल तर फ्रेडरिक्टन आणि सेंट जॉनला फ्रेंचवाचून काही अडत नाही. मंक्टनमध्ये दुकानात, कॉल सेंटरमध्ये फ्रेंच येणाऱ्याला पसंती मिळते. एडमन्स्टन किंवा काराकेतला मात्र सरकारी खिडकीबाहेरचं सगळं आयुष्य फ्रेंचमध्ये आहे; भाडेकरार, शेजार, मुलांचे वाढदिवस.

मुलं बरोबर असतील तर पहिल्याच आठवड्यात शाळा निवडावी लागते. मूल इंग्रजी माध्यमातून आलेलं असेल तर ते सहसा इंग्रजी शाळेतच जातं. दोन्ही भाषा न येणाऱ्या नवागताला निवड असते. फ्रेंच शाळा निवडली तर घरी मराठी, शाळेत फ्रेंच आणि रस्त्यावर इंग्रजी असं तीन पेडी आयुष्य सुरू होतं. लहान मुलांना ते जमतं. अडचण आई-वडिलांची होते, कारण शाळेची चिठ्ठी, पालकसभा, गृहपाठ सगळं फ्रेंचमध्ये. फ्रेडरिक्टनसारख्या इंग्रजी शहरात त्यासाठी सेंट-आन केंद्र आहे. १९७८पासून एकाच छपराखाली शाळा, ग्रंथालय आणि नाट्यगृह. दुपारी मुलं घरी गेली तरी इमारत चालूच राहते, कारण सभोवतालच्या शहरात फ्रेंच कानावर पडेल अशी दुसरी जागा फारशी नाही.